सीमा ओलांडणारे संशोधन : आफ्रिकेतील विद्यापीठांचे सहकार्य

ज्वारी किंवा मका पिकविणाऱ्या शेतकऱ्यास खोडकिडा ठाऊक नाही, असे सहसा होत नाही. भुरकट रंगाचा एक लहानसा पतंग रात्रीच्या वेळी पानांवर अंडी घालतो. त्यांतून निघालेल्या अळ्या प्रथम पोंग्यातील कोवळी पाने खातात आणि नंतर खोडात शिरून ते आतून पोखरू लागतात. पोंगा सुकतो, आणि ज्या ताटास कणीस यावयाचे ते उभ्या उभ्या मरून जाते. महाराष्ट्रातील शेतकरी यालाच ‘पोंगेमर’ म्हणतात. या किड्याची आपल्याकडे नेहमी आढळणारी जात मूळची आशिया खंडातील होय. १९३० च्या सुमारास ती आफ्रिकेत, आजच्या मलावी देशाच्या भूमीवर, प्रथम आढळली. आणि पुढील काही दशकांत पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील एकामागून एक देशांत ती पसरत गेली. देशांच्या सीमांनी तिला कोठेही अडविले नाही.

या किड्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाची स्थिती मात्र अगदी निराळी असते. त्याचे विद्यापीठ एका देशाचे, त्याचे वेतन एका सरकारकडून येणारे, त्याचे विद्यार्थी एका राज्याचे नागरिक. किडा केनियात आहे तसाच टांझानियात आहे आणि मोझांबिकमध्येही आहे. परंतु तिन्ही देशांतील संशोधकांची परस्परांशी ओळख असेलच अशी खात्री नसते. पिकांवरील कीड, माणसांचे व गुरांचे रोग, नद्यांचे व सरोवरांचे पाणी, किनाऱ्यावरील मासळी, औषधी वनस्पती हे सारे प्रश्न प्रदेशाचे असतात, आणि त्यांची उत्तरे शोधणाऱ्या संस्था देशांच्या असतात. हे अंतर भरून काढण्यासाठी आफ्रिकेतील विद्यापीठांनी व प्रयोगशाळांनी आपापसांत जे संशोधनसंघ उभारले, त्यांची माहिती या पुस्तिकेत दिली आहे.

एकाकी प्रयोगशाळा

डॉक्टरेटच्या पदवीसाठी विद्यार्थ्याची तयारी करून घेणे, हे काम बाहेरून दिसते त्याहून अवघड असते. त्यास विषयात मुरलेला मार्गदर्शक लागतो. निष्कर्षांवर शंका घेणारे, चूक दाखवून देणारे सहकारी लागतात. उपकरणे लागतात, आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा तंत्रज्ञ लागतो. ताजी शास्त्रीय नियतकालिके लागतात. शिवाय तीन-चार वर्षे निर्वाहाची चिंता न करता काम करता येईल इतके द्रव्य लागते. यांतील एक जरी गोष्ट उणी पडली, तरी काम अडते.

आफ्रिकेतील अनेक विद्यापीठांत या गोष्टी एकाच छताखाली मिळणे कठीण होते, आणि कित्येक ठिकाणी आजही आहे. एखाद्या विभागात कीटकशास्त्राचा एकच जाणकार अध्यापक असावयाचा. तो निवृत्त झाला किंवा परदेशी गेला की तो विषयच तेथे थांबावयाचा. २०१३ सालच्या सुमारास जगात दर दहा लाख लोकांमागे सरासरी एक हजाराहून अधिक संशोधक होते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हीच संख्या सुमारे शंभर होती. ज्या प्रदेशात संशोधक इतके विरळ आहेत, तेथे प्रत्येक विभाग स्वयंपूर्ण व्हावा ही अपेक्षा व्यवहार्य ठरत नाही.

ही स्थिती एकाएकी उद्भवलेली नाही. ब्रिटिश अमलाखालील आफ्रिकेत उच्च शिक्षणाच्या संस्था फार उशिरा निघाल्या. नायजेरियातील इबादान आणि घानातील लेगॉन येथील विद्यापीठ-महाविद्यालये १९४८ साली स्थापन झाली; युगांडातील मकेरेरे महाविद्यालय १९४९ मध्ये लंडन विद्यापीठाशी जोडले गेले. या संस्थांतील विद्यार्थ्यांना पदव्या लंडनच्या मिळत, आणि पुढील संशोधनासाठी विलायतेस किंवा अमेरिकेस जाण्यावाचून बहुतेकांना गत्यंतर नसे. जे शिकून परत आले, त्यांनी आपापल्या देशांत मोलाची कामे केली. तथापि अनेकजण तिकडेच राहिले. जे आले त्यांतील कित्येकांची साधनांवाचून कुचंबणा झाली. कारण परदेशातील सुसज्ज प्रयोगशाळेत शिकलेली पद्धती चालविण्यास लागणारी यंत्रे मायदेशी नव्हती.

एक जुना प्रयत्न

अनेक देशांनी मिळून उच्च शिक्षणाचा भार वाहावा, ही कल्पना आफ्रिकेस नवी नाही. १९६३ साली केनिया, युगांडा आणि टांगानिका (पुढे टांझानिया) या तीन देशांनी मिळून ‘पूर्व आफ्रिका विद्यापीठ’ स्थापन केले. मकेरेरे, नैरोबी आणि दार-एस-सलाम येथील महाविद्यालये हे त्याचे तीन घटक होते. वैद्यकशास्त्र मकेरेरे येथे, अभियांत्रिकी व पशुवैद्यक नैरोबीस, तर कायदा दार-एस-सलाम येथे, अशी खर्चिक विषयांची वाटणी करण्यात आली. एकेका विषयासाठी तीन-तीन ठिकाणी खर्च करण्यापेक्षा एकाच ठिकाणी उत्तम सोय करावी, हा त्यामागील विचार होता.

ही व्यवस्था फार काळ टिकली नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या प्रत्येक राष्ट्रास आपले स्वतःचे, सर्व शाखांनी युक्त असे विद्यापीठ हवे होते; अभियंते आणि डॉक्टर किती निर्माण करावयाचे, हे त्याला आपल्या गरजेप्रमाणे ठरवावयाचे होते. १९७० साली या विद्यापीठाचे विभाजन होऊन तीन राष्ट्रीय विद्यापीठे अस्तित्वात आली. या प्रसंगापासून पुढील पिढीने जो बोध घेतला तो महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय विद्यापीठांना बाजूस सारून त्यांच्या जागी प्रादेशिक संस्था उभी करू पाहिली, तर ती टिकत नाही. राष्ट्रीय विद्यापीठे कायम ठेवून त्यांच्यात सहकार्याचे दुवे निर्माण केले, तरच ते टिकण्याचा संभव असतो.

कीटकांच्या अभ्यासाचे केंद्र

असा दुवा कसा निर्माण करावा, याचे उत्तम उदाहरण केनियातील थॉमस ओधियांबो यांनी घालून दिले. १९३१ साली जन्मलेले ओधियांबो मकेरेरे येथे शिकले आणि पुढे केंब्रिज येथे कीटकांच्या शरीरक्रियाशास्त्रात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. ‘सायन्स’ या सुप्रसिद्ध अमेरिकन नियतकालिकात १९६७ साली त्यांचा पूर्व आफ्रिकेतील शास्त्रसंशोधनाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. तुटपुंजे द्रव्य सर्वत्र थोडे थोडे विखरून टाकण्यापेक्षा मोजके विषय निवडावेत आणि त्यांत जगाच्या बरोबरीचे काम करणारी केंद्रे आफ्रिकेतच उभारावीत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी निवडलेला विषय होता कीटक. टोळ, त्सेत्से माशी, डास, खोडकिडा, वाळवी, यांच्याइतका आफ्रिकेच्या शेतीशी व आरोग्याशी निगडित असा दुसरा विषय क्वचितच सापडेल.

१९७० साली नैरोबी येथे ‘आंतरराष्ट्रीय कीटक-शरीरक्रिया व परिस्थितिविज्ञान केंद्र’ स्थापन झाले. ‘इसिपे’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. आरंभीच्या काळात परदेशी विद्यापीठांतील नामवंत शास्त्रज्ञ वर्षातून काही काळ येथे येऊन मार्गदर्शन करीत, आणि तरुण संशोधक येथेच राहून प्रत्यक्ष काम पुढे नेत. अशा रीतीने विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देशात जाण्याऐवजी मार्गदर्शकानेच विषयाच्या देशात यावे, असा क्रम सुरू झाला.

विद्यार्थी कसा घडतो

उत्तम प्रयोगशाळा निर्माण झाली, तरी एक प्रश्न उरलाच होता. इसिपे हे विद्यापीठ नव्हते. त्यास पदवी देण्याचा अधिकार नव्हता. उलट, ज्या विद्यापीठांना तो अधिकार होता त्यांच्याजवळ साधने अपुरी होती. १९८३ साली सुरू झालेल्या ‘आफ्रिकी प्रादेशिक कीटकशास्त्र पदव्युत्तर कार्यक्रमा’ने या दोन उणिवांची सांगड घातली.

या कार्यक्रमाची रचना साधी आहे. विद्यार्थी सहभागी आफ्रिकी विद्यापीठांपैकी एकात आपले नाव नोंदवितो. त्याचे संशोधन इसिपेच्या प्रयोगशाळांत व क्षेत्रांत चालते. त्यास दोन बाजूंनी मार्गदर्शन मिळते: एक मार्गदर्शक विद्यापीठातील अध्यापक, दुसरा केंद्रातील शास्त्रज्ञ. प्रबंधाची परीक्षा विद्यापीठ घेते आणि पदवीही तेच देते. यात विद्यापीठाचा मान आणि अधिकार अबाधित राहतो. अध्यापकाचा आपल्या विद्यार्थ्याच्या निमित्ताने सुसज्ज प्रयोगशाळेशी संबंध जडतो. निरनिराळ्या देशांतील विद्यार्थी एकाच ठिकाणी काही वर्षे काम करीत असल्याने, पुढे ते आपापल्या देशांत अध्यापक किंवा अधिकारी झाल्यावर, शेजारच्या देशात कोणास पत्र लिहावयाचे हे त्यांना ठाऊक असते. हा लाभ वरवर किरकोळ वाटतो. परंतु पुढील काळातील पुष्कळशा सहकार्याचा आधार अशा ओळखी हाच असतो.

पुढे असे दिसून आले की, डॉक्टरेटसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्वतयारी सारखी नसते. यास्तव एम. एस्सी.च्या पातळीवरील शिक्षणासाठी निरनिराळ्या उपप्रदेशांत केंद्रे काढण्यात आली. पश्चिम आफ्रिकेतील इंग्रजी भाषिक देशांसाठी असे केंद्र १९९० च्या दशकात घाना विद्यापीठात, लेगॉन येथे, सुरू झाले.

शेतातील फळ

अशा शिक्षणाचा शेतकऱ्यास काय उपयोग, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पुन्हा खोडकिड्याकडे वळावे लागेल.

आशियातून आलेल्या या किड्याचे आशियातील नैसर्गिक शत्रू त्याच्याबरोबर आफ्रिकेत आले नव्हते. यांपैकी एक गांधीलमाशीच्या कुळातील अगदी चिमुकली माशी आहे. ती खोडात शिरून अळीच्या शरीरात अंडी घालते, व त्यांतून निघालेली पिले अळीस आतून खाऊन टाकतात. ही माशी पाकिस्तानातून आणून, पुरेशी परीक्षा केल्यानंतर, १९९३ साली केनियाच्या किनारपट्टीत सोडण्यात आली. पुढील वर्षांत पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या इतर देशांतही तिचा प्रसार करण्यात आला. माशी सोडावयाची तर शेजारी देशांची संमती हवी; सोडल्यानंतर ती कोठे टिकली, कोठे नाही, याची मोजदाद करण्यास त्या त्या देशात शिकलेली माणसे हवीत. सीमेच्या दोन्ही बाजूंस कीटकशास्त्रज्ञ नसते, तर हे काम सुरूच होऊ शकले नसते.

दुसरा उपाय याहून प्रसिद्ध आहे. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी म्बिता येथे इसिपेचे क्षेत्र आहे. तेथे झेयाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संस्थेच्या साहाय्याने, मक्याच्या संरक्षणाची एक पद्धती विकसित केली. खान यांचा जन्म भारतातला, आणि त्यांची डॉक्टरेट दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील. या पद्धतीत मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम नावाची शेंगवर्गीय वनस्पती लावतात. तिच्या सान्निध्यात पतंग पिकावर कमी अंडी घालतात. शेताच्या कडेस नेपियर गवत लावतात. त्याकडे पतंग आकर्षिले जातात. मात्र त्यावर निघालेल्या अळ्या त्या गवताच्या चिकट रसामुळे फारशा जगत नाहीत. एक वनस्पती किड्यास पिकापासून दूर लोटते आणि दुसरी त्यास आपल्याकडे ओढून घेते.

या प्रयोगांत एक अनपेक्षित गोष्ट आढळून आली. मका व ज्वारी यांच्या मुळांवर जगणारे एक परोपजीवी तण आफ्रिकेत मोठे नुकसान करते. महाराष्ट्रातील ज्वारीच्या शेतांत त्याच्याच कुळातील तणास ‘टारफुला’ म्हणतात. डेस्मोडियम लावलेल्या शेतांत हे तण झपाट्याने कमी झाले. शोध घेता असे दिसले की, डेस्मोडियमच्या मुळांतून स्रवणाऱ्या काही द्रव्यांमुळे तणाचे बी रुजते, तर दुसऱ्या काही द्रव्यांमुळे त्याच्या अंकुरास मक्याच्या मुळाशी जोडून घेता येत नाही. अन्नावाचून तो अंकुर मरतो. शिवाय ही वनस्पती जमिनीत नत्र साठविते आणि गुरांना चारा पुरविते. पूर्व आफ्रिकेतील लाखाहून अधिक शेतकऱ्यांनी ही पद्धती स्वीकारली आहे. या संशोधनाच्या निरनिराळ्या अंगांवर आफ्रिकी विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले. त्यांचा अभ्यासविषय म्हणजे त्यांच्याच प्रदेशातील शेत होते.

एक यंत्र आणि अनेक देश

रसायनशास्त्राची अडचण थोडी निराळी आहे. आफ्रिकेत औषधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पती विपुल आहेत. त्यांतील एखादे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे साध्या प्रयोगशाळेतही जमू शकते. परंतु त्या द्रव्याच्या रेणूची रचना निश्चित करावयाची तर अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे यंत्र लागते. या यंत्रात एक अतिशय प्रबळ चुंबक असतो. त्याच्या क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील हायड्रोजन व कार्बन यांची अणुकेंद्रे रेडिओ-तरंगांना जो प्रतिसाद देतात, त्यावरून कोणता अणू कोणाच्या शेजारी आहे हे ओळखता येते. मोठ्या क्षमतेच्या यंत्रातील चुंबक द्रवरूप हीलियमने सतत अतिशीत ठेवावा लागतो. हीलियमचा पुरवठा तुटला की यंत्र निरुपयोगी होते. असे यंत्र प्रत्येक विद्यापीठाने घेणे आणि चालविणे, हे श्रीमंत देशांतही सोपे नाही.

१९८४ साली पूर्व व मध्य आफ्रिकेतील रसायनशास्त्रज्ञांनी ‘नाप्रेका’ या नावाने नैसर्गिक द्रव्यांच्या संशोधनाचा एक संघ स्थापन केला. आदिस अबाबा हे त्याचे आरंभीचे केंद्र होते. परिषदा भरविणे, विद्यार्थ्यांना एका देशातून दुसऱ्या देशातील प्रयोगशाळेत काही काळ पाठविणे, हे त्याचे मुख्य कार्य. या संघाच्या संस्थापकांत असलेले इथिओपियाचे रसायनशास्त्रज्ञ बेरहानू अबेगाझ पुढे बोट्स्वाना विद्यापीठात गेले. तेथे गाबोरोनी येथे १९९० च्या दशकात त्यांनी एक सेवा उभारली: ज्या संशोधकाजवळ यंत्र नाही, त्याने आपला नमुना पाठवावा, गाबोरोनी येथे त्याचे परीक्षण करून आलेख त्यास परत मिळतील. ज्या विद्यार्थ्याचे काम एका आलेखावाचून अडून बसले असेल, त्यास या सेवेचे मोल सांगण्याची गरज नाही.

नव्या संघांची बांधणी

अध्यापकांच्या अभावावरही याच मार्गाने उपाय शोधता येतो. १९८८ साली नैरोबी येथे स्थापन झालेल्या आफ्रिकी आर्थिक संशोधन-संघाने एम. ए.साठी एक संयुक्त कार्यक्रम आखला. मुख्य विषय विद्यार्थी आपापल्या विद्यापीठात शिकतात. मात्र जे विशेष विषय शिकविण्यास प्रत्येक ठिकाणी अध्यापक मिळत नाहीत, ते शिकण्यासाठी सर्व विद्यापीठांचे विद्यार्थी काही काळ एका ठिकाणी जमतात. शेतकीशास्त्रासाठी २००४ साली पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील दहा विद्यापीठांनी ‘रुफोरम’ हा संघ काढला. त्याचे कार्यालय मकेरेरे येथे आहे, आणि आज त्याच्या सभासद-विद्यापीठांची संख्या दीडशेच्या वर गेली आहे.

२००८ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी संस्थेच्या द्रव्यसाहाय्याने ‘राइज’ ही योजना सुरू झाली. विद्यापीठांत शिकविणाऱ्या भावी अध्यापकांना संशोधनाची पदवी आफ्रिकेतच मिळावी, हा तिचा उद्देश होता. तिच्या अंतर्गत विषयवार संघ स्थापन झाले. पदार्थविज्ञान व धातुशास्त्र यांच्याशी संबंधित संघात दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड, केनियातील नैरोबी, तसेच बोट्स्वाना व नामिबिया येथील विद्यापीठे आणि नायजेरियातील अकुरे येथील तंत्रविद्यापीठ एकत्र आली. पश्चिम हिंदी महासागराच्या अभ्यासासाठी दार-एस-सलाम, केपटाउन व मोझांबिकमधील एदुआर्दो मोंडलाने या विद्यापीठांचा संघ झाला. प्रवाळांचे खडक व किनाऱ्यावरील मासळी या तिन्ही देशांना नकाशावर एकाच सागराने जोडलेली आहे. आता त्यांचा अभ्यास करणारेही जोडले गेले.

कसोटीचे प्रसंग

अशा तयारीची खरी परीक्षा संकटकाळी होते. जुलै २०१४ मध्ये इबोलाचा रुग्ण नायजेरियातील लागोस शहरी आला. रोगाचे निदान देशातल्याच प्रयोगशाळांत त्वरित झाले. रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तत्काळ सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये नायजेरिया त्या साथीतून मुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. निदानाच्या कामात क्रिश्चन हॅपी यांचा मोठा वाटा होता. एडे येथील रिडीमर्स विद्यापीठातील त्यांचे केंद्र हे नायजेरिया, सिएरा लिओन व सेनेगल येथील संस्थांना जोडणाऱ्या संघाचे मुख्य ठाणे आहे. मार्च २०२० मध्ये, आफ्रिका खंडात मिळालेल्या कोविड-विषाणूच्या जनुकद्रव्याचे पहिले संपूर्ण वाचन याच केंद्रात झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉन हा नवा प्रकार बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिका येथील शास्त्रज्ञांनी ओळखला आणि जगास वेळीच सावध केले. साथ आल्यावर तज्ज्ञ निर्माण करता येत नाहीत. ते आधीच तयार असावे लागतात.

उरलेल्या अडचणी

या संघांच्या मार्गात अडचणी नाहीत असे मात्र नव्हे. एका देशातून दुसऱ्या देशात जाण्यासाठी विद्यार्थ्यास प्रवेशपत्राची वाट पाहावी लागते. इंग्रजी, फ्रेंच व पोर्तुगीज या भाषांनी खंडाचे जे विभाग पाडले, ते अद्याप पुरते मिटलेले नाहीत. बलिष्ठ विद्यापीठाकडे विद्यार्थी व द्रव्य यांचा ओघ वाहून दुबळे विद्यापीठ दुबळेच राहण्याचा धोकाही असतो.

परंतु सर्वांत मोठी अडचण द्रव्याची आहे. वर उल्लेखिलेल्या बहुतेक योजना परदेशी संस्थांच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या. देणगीची मुदत संपली की शिष्यवृत्त्या थांबतात, आणि अर्धवट शिकलेला विद्यार्थी मध्येच अडकतो. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करावा, असा संकल्प आफ्रिकी राष्ट्रांनी १९८० च्या लागोस कृती-आराखड्यात केला होता. बहुतेक राष्ट्रे अद्याप तेथवर पोहोचलेली नाहीत. या दृष्टीने डॉक्टरेटच्या शिष्यवृत्त्यांसाठी निर्माण झालेला एक नवा प्रादेशिक निधी लक्षात घेण्यासारखा आहे. रवांडा, केनिया, सेनेगल इत्यादी देशांची सरकारे त्यात स्वतःचे द्रव्य घालतात, आणि २०१८ पासून त्याची व्यवस्था इसिपेकडे आहे. दुसऱ्याच्या दानावर सुरू झालेले कार्य आपल्या खर्चाने चालविण्याच्या दिशेने पडलेले हे पाऊल होय.

थॉमस ओधियांबो २००३ साली निवर्तले. त्यांनी कीटकांपासून आरंभ केला, कारण कीटकांचा प्रश्न एका देशाने एकट्याने सुटणारा नव्हता. पाणी, रोगराई, सागर व हवामान यांचे प्रश्न त्याच जातीचे आहेत. आज म्बिता येथील मक्याच्या शेतात अळ्या मोजणाऱ्या विद्यार्थ्यास पदवी त्याच्या स्वतःच्या देशातील विद्यापीठाकडून मिळेल, आणि पुढील दहा-वीस वर्षांत तो तेथेच इतरांना शिकवू लागेल, अशी आशा बाळगण्यास आता आधार आहे. ही आशा कितपत सफल होते, हे त्याच्या विद्यापीठास मिळणाऱ्या साधनांवर आणि शेजारी राष्ट्रांच्या सातत्यपूर्ण सहकार्यावर अवलंबून राहील.